आईबाबांच्या फ्लॅटचं 2001 सालचं व्हॅल्युएशन: या कार्यालयाचा अनुभव

आई गेल्यानंतर सहकारनगरचा फ्लॅट विकायचं ठरलं, तेव्हा सीएंनी सगळ्यात आधी सांगितलं की 1 एप्रिल 2001 ची किंमत रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या नोंदणीकृत तज्ज्ञाकडून, लेखी काढून घ्या. बाबांनी घर घेतलं 1986 साली. इतक्या जुन्या घराला मूळ खरेदी किमतीऐवजी 2001 ची रास्त बाजारभावाची किंमत धरता येते आणि नफा तिच्यावरून मोजतात. बाबांनी भरलेले पैसे धरले असते, तर आलेल्या रकमेतली जवळजवळ सगळी नफाच ठरली असती.

आधी मी दुसऱ्या एका व्हॅल्युअरना फोन केला होता. त्यांनी घर कुठे, केवढं, काही न विचारता थेट म्हटलं, "किती आकडा बसवायचाय ते सांगा." मी फोन ठेवला. सदाशिव पेठेतल्या या कार्यालयात मात्र पहिला प्रश्न आला, "ताई, कागद काय काय आहेत?" मग तिथल्या व्हॅल्युअर सरांनी शांतपणे समजावलं की त्या दिवशी मुद्रांक शुल्कासाठी जे मूल्य धरलं जात होतं, त्याच्या वर आपल्याला जाता येत नाही, 2020 च्या वित्त कायद्याने तशी मर्यादा घातली आहे. म्हणजे 2001 चं रेडी रेकनर (जागांच्या दरांचा सरकारी तक्ता) हीच कमाल पातळी. फी साडेसात हजार, सुरुवातीलाच सांगितलेली, आणि आकडा वर गेला की फी वाढेल असा प्रकार नाही. त्यांनी आपला नोंदणी क्रमांकही न मागता दाखवला. बँकेच्या पॅनेलवर असणं निराळं आणि संपत्ती कर कायद्याच्या कलम 34 एबी खाली नोंदणी असणं निराळं. तो कर 2015 मध्येच गेला, पण आमच्या विक्रीच्या वेळी आयकराच्या या कामाला नोंदणी तीच लागत होती. तुम्ही कुणाकडेही जा, हे विचाराच.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची यादी. भेटीच्या आधी व्हॉट्सॲपवर आली, मराठीत, आणि प्रत्येक कागद कशासाठी हवा ते समोर लिहिलेलं. करारनामा आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) क्षेत्रफळासाठी. महापालिकेचं भोगवटापत्र किंवा जुनी मिळकतकराची पावती, इमारतीचं वय ठरवायला. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, वीजबिल. आमचं भोगवटापत्र काही सापडेना, पण आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत 1988 ची करपावती निघाली आणि तेवढ्यावर भागलं. नकाशाची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींनी कपाटातून काढून दिली. त्यांना मी दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं, तुम्हीही सांगा, नाहीतर किल्ली एकाकडे आणि कपाट दुसऱ्याकडे असं होतं.

यादीत शेवटी होतं, "घरातले जुने फोटो, 2001 च्या आसपासचे किंवा आधीचे." हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. पण विचार केला तर बरोबरच आहे. 2008 मध्ये आम्ही घर नवं केलं: व्हिट्रिफाइड टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, बंद केलेली बाल्कनी. आज घर बघून 2001 ची किंमत लावली तर ती चुकीचीच येणार. भावाच्या मुंजीच्या अल्बममध्ये मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, लाकडी खिडक्या, सगळं स्पष्ट दिसतं. तीन फोटो अहवालाला जोडले गेले. आणि 2008 ची बिलं सरांनी वेगळी काढून सीएंकडे द्यायला सांगितली, कारण 2001 नंतरच्या सुधारणांचा खर्च स्वतंत्र धरला जातो. नुसत्या रंगकामाची बिलं त्यांनी तिथेच परत केली. ती दुरुस्ती, सुधारणा नव्हे.

प्रत्यक्ष पाहणी पाऊण तासात आटोपली. "फर्निचर भिंतीपासून जरा लांब घ्या," एवढंच आदल्या दिवशी कळवलं होतं, लेझर मीटर भिंतीला टेकावा म्हणून. आमच्या करारात क्षेत्रफळ बिल्टअप, म्हणजे भिंती धरून लिहिलेलं. त्यांनी खोलीगणिक कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं, मोजलं आणि दोन्ही आकडे अहवालात शेजारी शेजारी दिले. बंद बाल्कनी वेगळी दाखवली. माळा धरला नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, ही गोष्टही लपवली नाही.

अहवालातली किंमत माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी आली. पण प्रत्येक ओळीचा आधार दिलेला होता, त्यामुळे मला ती पटली. आमची विक्री फेब्रुवारी 2025 ची, म्हणजे कराचा नियम बदलला त्या 23 जुलै 2024 नंतरची. मी भारतातच राहते, म्हणून मला दोन्ही हिशेब करून पाहता आले: महागाईचा निर्देशांक न लावता नफ्यावर साडेबारा टक्के कर, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के. 2024-25 चा निर्देशांक 363, 2001-02 चा 100. म्हणजे 2001 च्या एक लाखाचे 3 लाख 63 हजार धरले जातात. भाऊ न्यू जर्सीला असतो. अनिवासी असल्यामुळे त्याला दुसरा पर्याय नाही, फक्त साडेबारा टक्के. सरांनी हे बोलता बोलता सांगितलं म्हणून आम्ही दोघांनी सुरुवातीपासून वेगवेगळे हिशेब मांडले. नाहीतर शेवटच्या आठवड्यात बहीणभावांत उगाच गैरसमज झाला असता.

उणिवा आहेत. अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो. माझ्या मावशीसारख्या वारसाला तो कुणीतरी वाचून दाखवावा लागेल. फोन दुपारी उचलत नाहीत. अहवालातले फोटो काळेपांढरे छापले होते, मोझॅक नीट दिसेना, म्हणून मी रंगीत प्रत मागून घेतली आणि ती जास्तीचे पैसे न घेता मिळाली. मूळ कागद ठेवून घेत नाहीत, समोर पाहून परत देतात, हे मला फार बरं वाटलं.

गृहकर्जासाठी व्हॅल्युएशन हवं असेल तर इथे येऊ नका. बँक आपल्याच पॅनेलवरचा माणूस पाठवते आणि बाहेरचा अहवाल सहसा चालत नाही. आईवडिलांचं 2001 च्या आधीचं घर विकताय, तर मात्र खरेदीदाराकडून बयाणा घेण्याआधी इथे जा, आणि जाताना जुना अल्बम बरोबर ठेवा.