पार्ल्यातील जुन्या घरासाठी वार्षिक देखभाल करार: वर्षभराचा अनुभव

विलेपार्ले पूर्वेला आमचे ६२० चौरस फुटांचे घर तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. इमारत १९७८ सालची, गच्ची थेट डोक्यावर आणि दिवाणखान्याची लांब भिंत पश्चिमेला. त्यामुळे पावसाळ्यात वारा आणि पाऊस दोन्ही आधी आमच्याच भिंतीवर आदळतात. गेली कित्येक वर्षे आम्ही दिवाळीपूर्वी पोपडे खरवडून भिंतीला रंग देत होतो आणि पुढच्या जुलैत तोच रंग फुगून सुटत होता. आईला दम्याचा त्रास असल्याने घरात कोंदणाऱ्या बुरशीच्या वासाकडे काणाडोळा करणे शक्य नव्हते. म्हणून एप्रिल २०२५ मध्ये आमच्या भागातील एका लहान सेवासंस्थेशी मी वर्षभराचा देखभाल करार केला. १२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १४,१६० रुपये. त्यात मे महिन्यात, गणपतीपूर्वी, दिवाळीपूर्वी आणि फेब्रुवारीत अशा चार फेऱ्या, साहित्याचा खर्च वेगळा. संस्थेचे नाव येथे देत नाही. करार करताना नेमके काय पाहावे, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

पहिली फेरी ९ मे रोजी झाली आणि माझ्या मते कराराचे निम्मे पैसे त्या एका दिवसात वसूल झाले. आलेल्या मिस्त्रींनी पिशवी उघडण्याआधी तांब्याभर पाणी मागितले आणि ते दिवाणखान्यातील सरकत्या खिडकीच्या खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत ओतले. पाणी बाहेर जाण्याऐवजी पट्टीत चढत गेले आणि पाहता पाहता आतल्या ओट्यावर सांडले. दर पावसाळ्यात खिडकीखाली पसरणारा तो ओला डाग कोठून येतो, याचे उत्तर डोळ्यांसमोर होते. अशा पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी निचरून जाण्यासाठी लहान छिद्रे ठेवलेली असतात. मिस्त्रींनी सायकलच्या चाकाची जुनी तार त्यात घालून फिरवली, तेव्हा सिमेंटची घट्ट झालेली माती, कबुतराची पिसे आणि काळा गाळ निघाला. पुन्हा तांब्या रिता केला तेव्हा पाणी क्षणात बाहेर गेले. त्याच खिडकीला मागच्या वर्षी दुसऱ्या एका कारागिराने बाहेरून सिलिकॉन भरून दिले होते आणि ते भरताना दोन छिद्रे बुजवून टाकली होती, हेही त्या वेळी लक्षात आले.

नंतर ते पश्चिमेच्या भिंतीकडे वळले. एक रुपयाचे नाणे घेऊन त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत ठोकली. जेथे गिलावा विटेपासून सुटला होता तेथे आवाज पोकळ येत होता, आणि तो पोकळ पट्टा छतापासून सरळ उभा खाली उतरत होता. ओल उभ्या पट्ट्यात असेल तर मागून जाणारा नळ आधी तपासावा, असे सांगून ते गच्चीवर गेले. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळाचा सांधा निखळलेला होता, आणि छज्जाच्या भेगेत पिंपळाचे वीतभर रोप वाढले होते. ते रोप त्यांनी ओढून काढले नाही. ओढताना वरचा शेंडाच तुटला तर मुळे आतच राहतात आणि भेग रुंदावत जाते, म्हणून भेग उकरून, मुळे शक्य तेवढी काढून आणि उरलेल्या बुंध्याला औषध लावून मगच ती सिमेंटने भरली. भिंतीला रंग लावण्यास मात्र त्यांनी स्पष्ट नकार दिला. "ताई, आता रंग मारला तर पैसे माझे होतील, पण जुलैत भिंत तुम्हाला बघायची आहे," हे त्यांचे शब्द माझ्या लक्षात राहिले आहेत. ओलीचा उगम न शोधता वरून रंग देणारे कारागीर मी आयुष्यभर पाहिले, म्हणून हातचे काम नाकारणाऱ्या या माणसाविषयी मला मनापासून आदर वाटला.

त्याच संध्याकाळी संस्थेने छायाचित्रांसह दोन पानी अहवाल पाठवला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींतून झिरपणारे पावसाचे पाणी आणि सामाईक नळांची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते, तर घरातील न्हाणीघर किंवा मोरीची गळती सभासदाने. हा फरक अहवालात नेमका मांडलेला असल्याने आमच्या चिटणीसांशी वाद घालण्याची वेळ आली नाही, आणि २० मेपर्यंत नळाचा सांधा बदलून झाला. हवामान विभाग मुंबईतील मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतो, परंतु २०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच दाखल झाला. पावसाळ्यापूर्वीची कामे मेच्या अखेरीस काढण्याची आपल्याकडे सवय आहे. त्या सवयीप्रमाणे वागलो असतो तर गेल्या वर्षी आम्ही काही दिवसांनी चुकलो असतो. म्हणून अशा करारात पहिली फेरी १५ मेच्या आत व्हावी, असे लेखी घ्यावे.

गणपतीपूर्वीची फेरी १९ ऑगस्टला ठरली होती. १८ आणि १९ तारखेला मुसळधार पावसाने शहर ठप्प झाले. संस्थेने सकाळी स्वतःहून दूरध्वनी करून २२ तारीख दिली आणि ती पाळली. भिंतीचा पट्टा तोवर बराचसा कोरडा झाला होता, परंतु कपाटामागे हिरवट-काळी बुरशी होती. येथे त्यांचे काम शिकण्यासारखे होते. बुरशी कोरड्या कुंच्याने झाडली तर तिचे कण हवेत उडतात, आणि दम्याच्या रुग्णासाठी तेच सर्वांत वाईट. त्यांनी आईला आतल्या खोलीत बसवून दार लावून घेतले, तोंडाला मास्क बांधले, जागा आधी भिजवली, ओल्या फडक्याने पुसली आणि फडकी पिशवीत बांधून बाहेर नेली. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवले. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या पुढे असते, त्यामुळे खिडक्या उघडल्याने ओल जाईलच असे नाही. हवा खेळती ठेवणारा पंखा किंवा एसीचा कोरडे करणारा मोड अधिक कामी येतो, हे त्यांनी समजावून दिले. कपाटात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या कीड दूर ठेवतात, ओल शोषत नाहीत. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या ठेवल्या, ज्या तीन आठवड्यांत पाण्याने भरल्या. एसीच्या निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली होती, ती मोकळी केली. कुंड्यांखालच्या बशा दर आठवड्याला रिकाम्या करून घासण्याची आठवण मदतनीस मुलाने केली. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचे अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडाच लागतो, त्यामुळे ही आठवण वेळेवर होती.

दिवाळीपूर्वीच्या फेरीविषयी मला तक्रार आहे. ऑक्टोबरमध्ये मागणी वाढल्याने संस्थेने नेहमीच्या माणसांऐवजी बाहेरून चार जणांचे पथक पाठवले. जळमटे, पंखे, पोटमाळा आणि स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट फॅन त्यांनी नीट साफ केले, परंतु जमिनीसाठी त्यांनी पिशवीतून ॲसिड काढले. आमच्या घरात जुन्या मोझॅकच्या लाद्या आहेत. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या चिपा, आणि ॲसिड या दोन्हींना खाते. दारापाशी ओतलेल्या ॲसिडला फेस आला, तो मला स्वयंपाकघरातून दिसला. मी धावत येऊन पाणी ओतेपर्यंत तीन लाद्यांची झिलई गेली होती. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांनी निवडलेल्या त्या लाद्या आज दारापाशी पांढुरक्या आणि खरखरीत लागतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे न्हाणीघरात हेच ॲसिड आणि ब्लीच एकापाठोपाठ वापरण्याची त्यांची तयारी होती. ही दोन रसायने एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो निरोगी माणसालाही घातक ठरतो. दम्याचा रुग्ण घरात आहे, हे मे महिन्यातच अर्जावर लिहून दिलेले असताना ही सूचना पथकापर्यंत पोचली नव्हती.

संस्थेच्या चालकांनी दुसऱ्या दिवशी येऊन पाहणी केली, चूक मान्य केली आणि त्या फेरीचे ३,००० रुपये परत केले. लाद्यांना पॉलिश करून देण्याची तयारीही दाखवली. परंतु तीनच लाद्या घासल्या तर त्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसतील आणि संपूर्ण जमिनीच्या पॉलिशचा खर्च ते उचलणार नव्हते, म्हणून मी ते नाकारले. त्यांची वागणूक सभ्य होती, हे नमूद केले पाहिजे. पण नुकसान भरून निघालेले नाही.

पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा त्याच मिस्त्रींनी नोव्हेंबरमध्ये वेगळ्या मोबदल्यात केला. सुटलेला भाग विटेपर्यंत काढला, नवा गिलावा सात दिवस पाणी मारून पक्का केला आणि पूर्ण वाळू दिल्यानंतर डिसेंबरच्या अखेरीस लांबी (पुट्टी) आणि रंग लावला. फेब्रुवारीची फेरी साधी होती: एसीची धुलाई, गिझरची तपासणी आणि आरसीसीबीचे, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या सुरक्षा स्विचचे, चाचणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो की नाही, याची खातरजमा.

ज्यांचे घर वरच्या मजल्यावर किंवा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यांना मे आणि ऑगस्टच्या फेऱ्यांसाठी अशी सेवा घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. केवळ दिवाळीच्या सफाईसाठी घेऊ नये. तेवढ्यासाठी ओळखीच्या बाई आणि आपली देखरेख पुरेशी आहे. मी स्वतः करार पुन्हा केला आहे, मात्र दिवाळीची फेरी वगळून ९,००० रुपयांत, आणि घरात ॲसिड आणायचे नाही हे कलम त्यात हाताने लिहून घेऊन. यंदाची पहिली फेरी ६ मे रोजी ठरली असून त्या दिवशी गच्चीची किल्ली हाताशी असावी, असे चिटणीसांना कळवले आहे.