बबल एअर बेड: घ्यावा, पण कसा वापरावा?

पक्षाघात झाला किंवा खुब्याचं हाड मोडलं आणि आई अंथरुणाला खिळली, की घरी सोडताना डॉक्टर औषधांसोबत एअर बेडही सांगतात. इंदुरात त्यासाठी पाय वळतात ते आर. एन. टी. मार्गावरच्या दवा बाजाराकडे. तिथे नुसतं ‘एअर बेड’ म्हटलं तर सहसा बबलवाला, म्हणजे फुग्यांचा बेड समोर येतो. आमचं मत आधीच सांगतो. हा बेड घ्यावा, पाठ लाल होण्याची वाट न पाहता घ्यावा. पण तो आणला म्हणून आईची कूस बदलणं थांबवू नये.

साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद पीव्हीसीची शीट, तिच्यावर शंभराहून जास्त फुगे आणि दोन नळ्यांनी जोडलेला छोटा पंप, एवढाच हा सरंजाम. फुग्यांचे दोन गट असतात. एक फुगतो तेव्हा दुसरा बसतो आणि साधारण दहा मिनिटांनी पाळी बदलते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी सतत दाबलेली राहिली तर तिथे रक्त पोचत नाही आणि आतलं मांस मरू लागतं. दाबाची जागा बदलत ठेवणं हेच या बेडचं काम, आणि नीट लावला तर ते तो करतो.

नीट लावणं मात्र क्वचितच होतं. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे फिरवायचं असतं. ‘आईला मऊ लागू दे’ म्हणून ते अगदी कमीवर ठेवलं, तर माकडहाड फुगे दाबून थेट खालच्या गादीला टेकतं आणि बेड असून नसल्यासारखा होतो. हे तपासायला पंप चालू ठेवून, आई उताणी असताना, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये कमरेखाली तळहात सरकवा. हात आणि शरीर यांच्यामध्ये इंचभर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला टोचलं तर दाब वाढवा. डोक्याकडची बाजू वर केली की भार कमरेखाली सरकतो, म्हणून त्या स्थितीतही एकदा पाहा.

दुसरी चूक थरांची. एअर बेडवर गोधडी, त्यावर रबरशीट, त्यावर दुमडलेली चादर, मग अंडरपॅड आणि वर जाड डायपर! एवढ्यातून फुग्यांचा परिणाम कातडीपर्यंत पोचणार कसा? एअर बेड नेहमीच्या गादीवर पसरायचा आणि वर फक्त एक सुती चादर, तीही सैल. पीव्हीसीतून हवा खेळत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाठीला घाम धरतो. चादर दिवसातून दोन-तीनदा बदलावी लागते, आणि हा या बेडचा खरा उणेपणा आहे.

लाइट गेली की फुगे हळूहळू बसतात. पंपाला वीज अगदी थोडी लागते, घरच्या इन्व्हर्टरवर तो सहज चालतो. त्याचा प्लग त्याच लाइनवर घ्या. पंप पलंगाच्या पायथ्याला टांगा, मध्ये कापडाची घडी ठेवा, नाहीतर त्याची घरघर रात्रभर पलंगातून येत राहते. नळ्या गादीखाली चेपल्या तर एकच गट फुगतो. बांगडी, सेफ्टी पिन आणि वाढलेली नखं यांनी पंक्चर होतं. सोबत मिळणारा पॅच जपून ठेवा. पुसायला साबणाचं पाणी पुरे, पण वाळवायला कडक उन्हात टाकू नका.

वजन जास्त असेल किंवा जखम आधीच झाली असेल तर ट्यूबचा बेड घ्यावा. त्यातल्या आडव्या नळ्या चार-पाच इंच उंच असतात, एखादी फाटली तर बऱ्याच मॉडेलमध्ये तेवढीच बदलता येते. किंमत बरीच जास्त, पण इथे काटकसर नको. मणक्याच्या फ्रॅक्चरमध्ये मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाच एअर बेड लावू नये. उंची वाढली की पलंगाचे कठडे तोकडे पडतात, हेही मोजून घ्या.

एजन्सीकडून बाई ठेवताना हे आधीच बोलून घ्यावं. मशीन चालू आहे म्हणजे रात्री उठवायला नको, असा समज फार आढळतो. दर दोन तासांनी कूस, आणि पलंगाशी वेळ व बाजू लिहायचा कागद. पूर्ण कुशीवर वळवण्यापेक्षा पाठीशी उशी लावून तीस अंशांवर कललेलं बरं. खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. डोक्याकडची बाजू जेवताना आणि त्यानंतर अर्धा-एक तास उंच, एरवी तीस अंशांच्या आत, नाहीतर अंग खाली घसरतं आणि कातडी ओढली जाते. वर सरकवताना काखेत धरून ओढू नये. दोघांनी चादरीसकट उचलावं.

डोक्याकडची बाजू वर होणारा, दवाखान्यासारखा पलंग भाड्याने चालतो. रामबागेतल्या जुन्या घरांच्या अरुंद जिन्यांतून न्यायचा असेल तर सुटा होणारा मागा. एअर बेड मात्र नवाच घ्यावा, आणि दुकानातच वीसेक मिनिटं लावून दोन्ही गट फुगतात का ते बघावं. पंपाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. घरच्या बेडचा खर्च त्यात धरू नका.

रोज आंघोळ घालताना माकडहाड, खुबे, टाचा पाहा. लाल जागा बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नसेल, किंवा सावळ्या कातडीवर ती गरम वा कडक लागत असेल, तर ती चोळू नका, पावडर-स्पिरिट लावू नका, रबरी रिंगही देऊ नका. रिंगेमुळे भोवतालचं रक्त आणखी अडतं. त्या बाजूवर झोपवणं बंद करा, हाताने दाब पुन्हा तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.