सीओ अलार्म: भोंगा खणखणीत, आकडे बारीक

मी डोळे तपासते. ‘अचानक अंधुक दिसायला लागलं’ म्हणणाऱ्याला मी नंबराआधी विचारते, घराबाहेर पडल्यावर बरं वाटतं का? डोकेदुखी, मळमळ, धूसर नजर हे सगळं घरातच होत असेल, तर चष्म्याआधी गॅस गीझर तपासायला हवा. सदोष गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू सुटू शकतो. म्हणून घरीही त्याचा अलार्म लावला.

भोंग्याला पैकीच्या पैकी गुण. बंद दाराआड झोपलेला माणूसही उठेल. बॅटरी बसवणं सोपं.

तक्रार पडद्याची. करड्यावर करडे आकडे, मागे दिवा नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दृष्टिपटल तर ऑक्सिजनचं भुकेलं. अंधुक उजेडात बघणाऱ्या त्यातल्या दंडपेशींना अंधारात तो आणखी लागतो. म्हणजे रात्री विषबाधा झालेल्याने मिणमिणता आकडा वाचावा, अशी यांची अपेक्षा! आणि डोळे शाबूत असूनही मेंदू दगा देऊ शकतो. १९८८ मध्ये अंघोळ करताना सदोष गीझरमुळे या वायूची बाधा झालेली एक तरुणी वैद्यकीय साहित्यात डी. एफ. या आद्याक्षरांनी प्रसिद्ध आहे. ती वाचली, रंगही ओळखायची, पण वस्तूंचे आकार ओळखता येईनात. फट तिरकी आहे की उभी, हे तिला सांगता येत नसे. तरी त्याच फटीत कार्ड बरोबर वळवून सरकवायची. अशा माणसाला पडद्याचा काय उपयोग? पाचपैकी साडेतीन गुण देते, तेही भोंग्यासाठी.

३० पीपीएमखाली (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ३० भाग) हा अलार्म शून्यच दाखवतो. ७० पीपीएमला एक ते चार तासांत वाजतो, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. जीव वाचवायला ठीक. बारीक गळतीने रोज डोकं धरत असेल तर मात्र हा गप्प बसेल. तिथे गीझर दुरुस्त करणाऱ्यालाच बोलवा. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर तर मुळीच विसंबू नका. सीओ चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, आकडा झकास दिसतो.

चाचणीचं बटण भोंगा आणि बॅटरी तपासतं, सेन्सर नाही. त्याची मुदत संपली की अख्खं यंत्र बदलायचं. ती तारीख यांनी मागच्या बाजूला छापली आहे, भिंतीकडे तोंड करून. मी ती मार्करने पुढे लिहून घेतली, मोठ्या अक्षरांत.