परदेशातल्या दिवसांची चित्रकथा: तिथंच रोज काढायची, की सोलापूरला परतून?

नोकरी किंवा शिक्षणासाठी बर्लिन, दुबई, टोकियोला दोन-तीन वर्षं राहायचं आहे, हात चित्रात बरा चालतो आणि त्या दिवसांची चित्रकथा करायची इच्छा आहे, अशा माणसापुढं दोन रस्ते असतात. तिथं असतानाच रोज एक छोटं पान पूर्ण करायचं, हा पहिला. तिथं फक्त टिपणं आणि कच्ची रेखाटनं जमवायची आणि घरी परतल्यावर सलग पुस्तक काढायचं, हा दुसरा. हे आधीच ठरवलेलं बरं, कारण सामान, वेळ आणि हाती येणारं पुस्तक, तिन्ही वेगळी असतात.

रोजच्या पानाला ए५ आकाराची, १८० ते २०० जीएसएम (चौरस मीटरमागं ग्रॅममधलं वजन) कागदाची वही आणि ०.३ व ०.५ मिलिमीटरची वॉटरप्रूफ पिगमेंट पेनं पुरतात. पानावर चार चौकटी, पहिलीत जागा दाखवायची, उरलेल्या तिन्हींत माणसं आणि हात. पेन्सिल, अक्षरं, शाई मिळून पाऊण ते एक तास लागतो. त्याहून जास्त लागत असेल तर बहुतेक वेळा प्रत्येक चौकटीत मागची इमारत काढली जात असते, ती सोडून द्या. साधं जेल पेन टाळा, वरून जलरंगाचा ब्रश फिरला की शाई पसरते आणि पान हातचं जातं.

या रस्त्याची खरी ताकद पहिल्या दोन-तीन महिन्यांत आहे. शहर तेवढ्यापुरतंच परकं असतं, पुढं डोळा सरावतो. जर्मनीतल्या सुपरमार्केटमध्ये रिकाम्या बाटल्या परत घेणारं यंत्र असतं. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागं २५ सेंट अनामत आधीच घेतलेली असते. नवख्या माणसाच्या चार चौकटी अशा होतील: बाटली गोल भोकात सरकवली, यंत्रानं ती गरागरा फिरवली, चेपल्यामुळं बारकोड वाचता आला नाही म्हणून परत बाहेर ढकलली, मागं उभ्या बाईनं बाटली घेऊन फुंकर मारून फुगवली आणि पुन्हा आत घातली. सहा महिन्यांनी तोच माणूस त्या यंत्रापुढं मोबाइल बघत उभा राहतो. ती फुंकर त्याला आता दिसतही नाही, मग कागदावर कुठून येणार?

उणीव अशी, की पुढं काय होणार हे माहीत नसताना पान काढलं जातं. शंभर पानांनंतर वही उघडली तर थंडी, जेवण आणि भाड्याची खोली यांचीच ये-जा दिसते. म्हणून रोजची पानं जशीच्या तशी पुस्तकात घालू नयेत. वर्षाची वही असेल तर चाळीसएक निवडावीत. खाडा पडतो तो नेमका व्हिसाच्या किंवा आजारपणाच्या दिवशी, आणि तोच दिवस कथेला हवा असतो. त्या दिवशी काड्यांची माणसं काढा, तारीख घाला, पण पान सोडू नका.

दुसऱ्या रस्त्यावर दुरून बघण्याची सोय आहे. कॅनडाचे चित्रकथाकार गी दलील २००८-०९मध्ये वर्षभर जेरुसलेममध्ये राहिले आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक फ्रेंचमध्ये २०११ला आलं. इराणमध्ये वाढलेल्या चित्रकथाकार मार्जान सात्रापी चौदाव्या वर्षी एकट्या व्हिएन्नाला गेल्या, १९८०च्या दशकात. त्या दिवसांसह त्यांची ‘पर्सेपोलिस’ ही आत्मकथा मात्र २००० ते २००३ दरम्यान चार भागांत निघाली. एकाकडं ताजं निरीक्षण आहे, दुसरीकडं वर्षानुवर्षं मुरलेलं दुःख. तुमच्याकडं यातलं काय आहे हे स्वतःला विचारा. जुनी जखम असेल तर रोजच्या चार चौकटींत ती मावत नाही.

पण कष्टाचा हिशेब आधी मांडा. मूळ चित्र ए४वर काढून ए५वर छापायचं तर त्याची लांबी-रुंदी ७१ टक्के होते. असं सहा चौकटींचं पान करायला कच्च्या आराखड्यापासून शाईपर्यंत सहा ते दहा तास जातात. ९६ पानं, सरासरी आठ तास, म्हणजे ७६८ तास. नोकरी सांभाळून रोज दोन तास दिले तरी वर्षाच्या वर जातं. अनेक पुस्तकं इथंच, तिसाव्या-चाळिसाव्या पानावर अडकतात.

तिथं असताना गोळा काय करायचं, हे या रस्त्यावर सगळ्यात महत्त्वाचं. रोज तीन नोंदी: ठिकाण आणि वेळ, ऐकू आलेलं एक वाक्य जसंच्या तसं, आणि एक वस्तू मापासह. फोटो काढा ते जिन्याचे, दाराच्या मुठीचे, बसच्या सीटचे, कचऱ्याच्या डब्यांचे. प्रसिद्ध वास्तूंचे फोटो कुठंही मिळतात, ट्राममधलं तिकीट-यंत्र सोलापुरात बसून शोधणं अवघड. माणसांचे फोटो जपून काढा. संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय कुणाचा फोटो काढणं गुन्हा ठरू शकतं. रूममेट, साहेब यांची नावं बदलाच, चेहऱ्याची ठळक खूणही बदला.

परतल्यावर शाईचं काम एप्रिल-मेमध्ये काढू नका. पारा चाळिशीपार आणि वर पंखा, त्यामुळं टाकाच्या निबवर शाई वाळून रेघ तुटते. काढायचंच असेल तर सकाळी लवकर बसा आणि दर दहा मिनिटांनी निब पाण्यात धुवा.

अक्षरांबाबत दोन्ही रस्त्यांना एकच नियम: आधी मजकूर, मग संवादाचा फुगा, मग चित्र. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. मूळ अक्षर ४ मिलिमीटर घेतलं तर ओळीपासून ओळीचं अंतर ९ तरी ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. टॅब्लेटवर काम करणार असाल तर ‘क्लिष्ट’, ‘कार्ट्यांनो’ हे शब्द टाइप करून बघा. काही चित्रांच्या अ‍ॅपमध्ये जोडाक्षरं फुटतात. तिथं हातानं लिहिलेलंच बरं, आणि या प्रकाराला ते शोभतंही. परकी भाषा दाखवताना तिची लिपी तशीच ठेवा. सोलापूरच्या वाचकाच्या कानावर मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दू रोज पडते. न कळणारा फुगा दिसला म्हणून तो बिचकत नाही, पात्राइतकाच गोंधळतो आणि तेच हवं असतं.

पहिलीच चित्रकथा असेल, तर आमचा स्पष्ट कल मधल्या वाटेकडं आहे: पहिले तीन महिने रोजचं पान, त्यानंतर फक्त तीन नोंदी. परतल्यावर ती नव्वदएक पानं समोर पसरा. त्यांत एखादा प्रश्न वारंवार डोकावत असेल तर लांब पुस्तकाला हात घाला. नसेल तर चाळीस पानं निवडून मधोमध पिन मारलेली पुस्तिका काढा. पिनवाल्या पुस्तिकेची एकूण पानं चारच्या पटीत लागतात, ९६ पानी चिकटबांधणीला आतली बाजू पुरेशी मोकळी लागते.

छपाईला देताना काळी रेघ ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. छापखान्यात जुन्या फाँटची व्यवस्था असेल तर युनिकोड मजकूर उलटापालटा होतो, म्हणून अक्षरांची आउटलाइन करून, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर करून, पीडीएफ द्या. पन्नास-शंभर प्रतींना डिजिटल छपाई परवडते, ऑफसेटचा विचार पाचशेच्या पुढं. त्याआधी सगळ्यात बारीक रेघांचं एक पान त्याच कागदावर छापून मागा. ए४वर ०.१च्या पेननं काढलेली रेघ ए५वर बऱ्याचदा तुटक उमटते, आणि ती जाड करायला तेव्हा अजून वेळ असतो.