‘घरी माहीत आहे का?’ असं विचारणारा कॅनडाचा एजंट

कॅनडाच्या पार्टनर स्पॉन्सरशिपच्या, म्हणजे तिथल्या माणसानं आपल्या जोडीदाराला कायमचं तिकडं बोलावून घेण्याच्या, नावाखाली पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीनं माझ्याकडून सव्वाचार लाख रुपये उकळले. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि वकीलबाईंनी तसं बजावलंय. पण तिथल्या एजंटची पद्धत सविस्तर लिहिते. आमच्यासारखी आणखी जोडपी त्याच्या टेबलासमोर बसलेली मी पाहिली आहेत.

मी मूळची साताऱ्याची, नोकरी पुण्यात. माझी जोडीदार कॅनडाची नागरिक, ऑन्टॅरिओत शाळेत शिकवते. आम्ही दोघी बायका, त्यामुळे भारतात आमचं लग्न होत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं हे काम संसदेचं म्हणून हात वर केले आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. लग्नच नाही म्हटल्यावर तिला इथं माझी बायको म्हणून कसलाच व्हिसा नाही. पर्यटक म्हणून यायचं, चार दिवस राहायचं, परत जायचं. तेव्हा मीच तिकडं जायचं ठरलं.

कन्सल्टन्सीचं ऑफिस झकपक. भिंतीवर व्हिसा मिळालेल्या पोरापोरींचे पासपोर्ट हातात धरलेले फोटो, कोपऱ्यात कॅनडाचा झेंडा. साहेबांनी शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. पहिला प्रश्न, अगदी मायेनं: “घरी माहीत आहे का मॅडम?” मी नाही म्हटलं. “मग काळजीच सोडा, सगळं कॉन्फिडेन्शियल राहील,” म्हणाले आणि ड्रॉवरमधून लॅमिनेट केलेलं दरपत्रक काढलं. साध्या नवरा-बायकोच्या फाइलचा दर वेगळा, त्याखाली ‘एलजीबीटी कॅटेगरी’चा दर जवळजवळ दुप्पट. कारण काय, तर कॅनडा सरकारनं ‘तुमच्या लोकांसाठी’ स्पेशल कोटा काढलाय आणि तो भरत आलाय.

असा कोटा नाही. कॅनडात सगळीकडे समलिंगी लग्न कायदेशीर झालं ते २० जुलै २००५ ला, आणि स्पॉन्सरशिपला स्त्री-पुरुष जोडप्याला जो फॉर्म लागतो आणि जी फी लागते तीच आपल्यालाही लागते. सरकारी फी बाराशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास, म्हणजे पाऊण लाख रुपये धरा. ती सरकारच्या वेबसाइटवर कार्डानं भरायची असते आणि पावती तिथल्या तिथं मिळते. रोख रक्कम पुण्यातल्या कोणाच्या हातात द्यायचा प्रश्नच येत नाही.

आता ‘घरी माहीत आहे का’ हा प्रश्न त्यानं का विचारला ते बघा. कॅनडातच, मिसिसागात, माझा चुलतभाऊ राहतो. बायकोची फाइल त्यानं स्वतःच भरली होती, एजंट न लावता. एका फोनवर त्यानं मला सगळं सांगितलं असतं. पण “दादा, मला माझ्या जोडीदारासाठी विचारायचंय” हे वाक्य मला त्या वेळी उच्चारणं शक्य नव्हतं, आणि हे त्या साहेबांना माझ्यापेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं. बाकीच्या गिऱ्हाइकाचे काका, मेहुणे, शेजारी येऊन टेबलावर हात आपटतात. आमच्याबरोबर कोणी येत नाही. याच भांडवलावर त्याचा धंदा चालतो.

कॅनडाच्या नियमात जोडीदाराला न्यायचे तीन रस्ते आहेत. एक, लग्न झालेलं असणं. दोन, कॉमन-लॉ, म्हणजे लग्न नसलं तरी किमान बारा महिने सलग एका घरात संसार केलेला असणं. तिसरा कॉन्ज्युगल पार्टनरचा. जोडीदार कॅनडाबाहेर राहणारा हवा, नातं किमान वर्षभराचं हवं, आणि लग्न किंवा एकत्र राहणं का जमलं नाही याचं भक्कम कारण हवं. लैंगिकतेमुळे देशात लग्नच करता येत नाही हे त्यातलंच एक कारण. पण तेवढ्यावर भागत नाही. अधिकारी विचारतो, तुमच्या देशात होत नाही, मग तिच्या देशात जाऊन का केलं नाही? तिसऱ्या देशात का नाही? त्याची उत्तरं कागदावर लागतात: नाकारलेले व्हिसा, तिकिटं, एकमेकींच्या विम्यात नावं, वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार. आमचं प्रकरण सरळ या तिसऱ्या रस्त्याचं होतं. पण त्यात कष्ट आहेत आणि हमी नाही. आमच्या साहेबांना विकायला हमी हवी होती.

म्हणून त्यांनी आधी ऑनलाइन लग्न विकलं. अमेरिकेत युटा राज्यातली युटा काउंटी व्हिडिओ कॉलवर लग्न लावून देते. जगात कुठूनही, दोघी दोन देशांत असल्या तरी चालतं. ही गोष्ट खरी आहे आणि दाखलाही खरा मिळतो. त्याची फी काही हजार रुपयांच्या घरातली. आमच्याकडून ‘इंटरनॅशनल मॅरेज पॅकेज’ म्हणून दीड लाख घेतले. एका शनिवारी रात्री लॅपटॉपसमोर आमचं लग्न लागलं. मी आईची पैठणी नेसले होते, खोलीचं दार आतून लावून. तिकडं तिच्या दोन मैत्रिणी रडत होत्या. त्या रात्रीबद्दल मला वाईट वाटत नाही, उगाच खोटं कशाला बोलू. राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

कॅनडा अशी लग्नं इमिग्रेशनसाठी धरतच नाही. ११ जून २०१५ पासून नियम आहे: लग्नाच्या वेळी दोघांपैकी एक जरी प्रत्यक्ष हजर नसेल, म्हणजे फोनवर, इंटरनेटवर किंवा मुखत्यारामार्फत लग्न लागलं असेल, तर त्या लग्नावर जोडीदार म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. सवलत आहे ती सैन्यातल्या लोकांपुरती. तोच दाखला अमेरिकन जोडीदार असलेल्यांना उपयोगी पडू शकतो, फक्त लग्नानंतर दोघं प्रत्यक्ष भेटून एकत्र आल्याचं दाखवावं लागतं. एका देशात चालणारा कागद दुसऱ्या देशात रद्दी असतो, आणि एजंट नेमका याच फटीत हात घालतो. ‘गव्हर्नमेंट सर्टिफिकेट आहे मॅडम, क्यूआर कोड स्कॅन करून बघा’ म्हणायचे. स्कॅन केलं, खरंच उघडलं.

दुसरा हप्ता भरल्यावर, आम्हाला कॉमन-लॉ जोडपं दाखवायला, एक करारनामा आला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लीव्ह अँड लायसन्स: आम्ही दोघी कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये चौदा महिने एकत्र राहत होतो. घरमालकाचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. खाली नोटरीचा गोल शिक्का. आपल्याकडे भाड्यानं राहिलेल्या कोणालाही विचारा, महाराष्ट्रात हा करार नोंदवावाच लागतो, आणि नोंदणीत मालक-भाडेकरूंचे फोटो आणि अंगठे घेतात. नोटरीच्या कागदाला इथला सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा विचारत नाही. शिवाय परदेशी माणूस घरात उतरला की घरमालकानं चोवीस तासांत सरकारी फॉर्म भरून कळवायचं असतं. त्याचा पत्ता नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत तिच्या पासपोर्टवर: भारतात आल्या-गेल्याचे शिक्के, दर वेळी जेमतेम तीन आठवड्यांचे. चौदा महिने कोथरूडमध्ये कोण राहत होतं मग, तिचं भूत?

मी सही करायला नकार दिला. त्यावर साहेब हसून म्हणाले, “सगळेच करतात.” कॅनडात खोटी माहिती दिली की पाच वर्षं देशात प्रवेश बंद, आणि ते पाप अर्जदाराच्या डोक्यावर, एजंटच्या नाही. ‘सगळेच’ म्हणजे कोण कोण त्या यादीत गेलं असेल, देव जाणे.

शंका पक्की केली ती माझ्या जोडीदारानं. स्पॉन्सरशिपची फाइल मुळात कॅनडातल्या माणसाची असते, अर्जाची सुरुवातच स्पॉन्सरपासून होते. आणि हे महाशय तिला प्रत्येक फॉर्मचं फक्त शेवटचं पान पाठवत होते, सहीपुरतं. तिनं पूर्ण फॉर्म मागितला. उत्तर आलं, आमचा टेम्प्लेट कॉन्फिडेन्शियल आहे. शाळामास्तरीण ती, तिनं पेपर न वाचता सही करायचं साफ नाकारलं. मग आम्हाला शांत करायला ‘सरकारी पोचपावती’ आली. वर मेपलचं पान, खाली क्रमांक. तो ई अक्षरानं सुरू होत होता. फॅमिली क्लासच्या, म्हणजे नात्यातल्या माणसाला नेण्याच्या, फाइलचा क्रमांक एफनं सुरू होतो. ई असतो शिक्षण-अनुभवाच्या गुणांवर जाणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्रीवाल्यांचा, म्हणजे दुसऱ्याच कोणाचं पत्र घेऊन त्यावर आमची नावं चिकटवलेली. आणि ते पत्र ज्या ईमेलवरून आलं तो पत्ता जीमेलचा. कॅनडा सरकारच्या पत्त्याच्या शेवटी जीसी डॉट सीए किंवा कॅनडा डॉट सीए असतं.

भिंतीवरच्या लायसन्सचं पण सांगते. पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचं काम करायचं तर माणूस तिथला वकील तरी हवा, नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेचा परवानाधारक, ज्याला आरसीआयसी म्हणतात. ऑन्टॅरिओचे काही पॅरालीगल आणि क्यूबेकचे नोटरीही चालतात. कॉलेजची यादी ऑनलाइन, फुकट, कोणीही बघावी. साहेबांच्या भिंतीवरचा नंबर मी त्या यादीत टाकला तर तो खरा निघाला! फक्त नाव दुसऱ्याचं. यादीत दिलेल्या फोनवर माझ्या जोडीदारानं विचारलं, तर त्या सल्लागाराला पुण्यात आपली ‘शाखा’ आहे हे पहिल्यांदाच कळलं. म्हणून नुसता नंबर जुळवून थांबू नका. यादीतल्या फोनवर किंवा ईमेलवर त्या माणसालाच गाठा, व्हिजिटिंग कार्डावरच्या नाही. ऑस्ट्रेलियासाठी असाच मायग्रेशन एजंटचा नोंदणी क्रमांक असतो, आणि ब्रिटनसाठी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीची यादी. पगारी प्रतिनिधी असेल तर कॅनडाच्या अर्जात त्याचं नाव लिहिलेला वेगळा फॉर्म जातो. आमच्या कोणत्याच कागदावर साहेबांचं नाव नव्हतं. अशांना तिकडं घोस्ट कन्सल्टंट म्हणतात.

पैसे परत मागितले तेव्हा मायेचा आवाज गेला. आधी ‘नॉन-रिफंडेबल’. मग रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप: साताऱ्याचा पत्ता आमच्या फाइलमध्ये आहे, वडिलांशी बोलू का? वर, असल्या नात्यावर पोलीस केस होऊ शकते, असंही. ती दुसरी धमकी पोकळ आहे. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर सज्ञान व्यक्तींचं संमतीचं नातं गुन्हा नाही, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत अशा नात्याला पूर्वी लावलं जाणारं ३७७ कलम उरलेलंच नाही. उलट धमकी देऊन पैसे दाबून ठेवणं हा खंडणीकडे जाणारा गुन्हा आहे आणि फसवणुकीचं कलम, पूर्वीचं ४२०, आता ३१८ आहे. पहिली धमकी मात्र पोकळ नव्हती. म्हणून त्याच शनिवारी मी साताऱ्याला जाऊन आईला स्वतः सांगितलं. त्या संध्याकाळचं इथं लिहीत नाही, ते आमच्या घरातलं आहे. सोमवारी त्याचा पुन्हा मेसेज आला, तेव्हा मी त्याला वडिलांचा नंबर पाठवून दिला. त्यानंतर धमकी आली नाही.

खरं नुकसान पैशापेक्षा मोठं निघालं. ऑनलाइन लग्नानंतर त्यानं माझ्या नावानं कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज खरोखरच भरला होता, आणि त्यात वैवाहिक स्थिती ‘अविवाहित’. लॉगिन त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे. अर्ज नाकारला गेला, ते पत्रही मला उशिरा दाखवलं. आता ऑन्टॅरिओतल्या वकीलबाई आधी तेच निस्तरतायत. माझ्या संमतीची सही घेऊन तिकडून पाच डॉलर भरून माझ्या फाइलवरच्या नोंदी मागवल्या, कोणी काय भरलंय ते ओळीओळीनं तपासलं. नव्या अर्जासोबत खुलाशाचं पत्र जाणार: लग्न कसं लागलं, अर्ज कोणी भरला, लपवायचा हेतू नव्हता. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्न होतं, तिथं जाऊन समोरासमोर लग्न करावं असाही विचार होता. पण आधीच्या ऑनलाइन लग्नामुळे तेही सरळ राहिलं नाही. कॉन्ज्युगलचाच रस्ता धरलाय, आणि यात ‘भारतात लग्न होत नाही’ याइतकंच ते नाकारलेलं व्हिजिटर व्हिसाचं पत्रही पुरावा म्हणून लावलंय. साहेबांची तेवढीच मदत झाली म्हणायची.

ज्यांचे पैसे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी एक क्रम, कारण तो चुकला की हातात काही राहत नाही. परताव्याचा शब्द काढण्याआधी लॉगिन आणि पासवर्ड मागून घ्या. ‘बायोमेट्रिकची तारीख बघायचीय’ म्हणा, देतात. आत गेल्यावर पासवर्ड आणि रिकव्हरी ईमेल दोन्ही बदला. सगळं व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करून दुसऱ्या माणसाला मेल करा. यूपीआयनं दिलेल्या पैशाचं बँक स्टेटमेंट काढा. रोख दिलेल्या पैशासाठी मेसेजवर सहज विचारा, “सर, परवाचे साठ हजार मिळाले ना?” त्याचं “हो मॅडम” हीच पावती. माझे रोखीचे पैसे असेच कागदावर आले. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि प्रकार ताजा असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, नंतर पोलीस ठाणं. तिथं नातं काय ते सांगायची गरज नाही. ‘कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे घेतले, बनावट सरकारी पत्र दिलं’ एवढ्यावर तक्रार लिहून घेतात. माझी त्याच शब्दांत लिहून घेतलीय, आणि बनावट पोचपावती सोबत जोडलीय.