झोफिया, माया की योआन्ना? मुलीसाठी पोलिश नाव निवडताना

नोकरीनिमित्त पोलंडमधल्या व्रोत्सवाफ किंवा क्राकुफला स्थिरावलेलं मराठी जोडपं असो, नाहीतर दोघांपैकी एक पोलिश असो, मुलीचं नाव ठरवायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अर्थ काय? काताझिना म्हणजे शुद्ध, माउगोझाता म्हणजे मोती, झोफिया म्हणजे शहाणपण. यादी छान दिसते, पण तिचा उपयोग कमी. यातली बहुतेक नावं ग्रीक, हिब्रू, लॅटिनमधून चर्चच्या वाटेनं पोलंडमध्ये आली. पोलिश माणसाला काताझिना ऐकून 'शुद्ध' असं काही ऐकू येत नाही. त्याला दोन गोष्टी लगेच कळतात: ही बाई साधारण कोणत्या पिढीतली, आणि हिला हाक कशी मारायची.

हाकेचं आधी पाहा. पोलंडमध्ये कागदावरचं नाव रोजच्या बोलण्यात फारसं येत नाही. काताझिनाची काशा होते, माउगोझाताची गोशा, अलेक्सांद्राची ओला, बार्बाराची बाशा, झोफियाची झोशा, आन्नाची आन्या. ऑफिसातसुद्धा हीच नावं चालतात. त्यामुळे तुम्ही प्रत्यक्षात निवडत असता ते लाडाचं नाव, लांबलचक नाव फक्त पासपोर्टासाठी. शिवाय पोलिशला आपल्यासारखीच संबोधन विभक्ती आहे आणि लाडक्या नावांना हाक मारताना शेवटी 'ऊ' येतो: काशाला काशू, झोशाला झोशू, आन्याला आन्यू. आपल्या मनू, शकू, बेबूच्या घरात हे ऐकायला अजिबात परकं वाटत नाही. पण ओलाचा विचार करताना थांबा. आजी फोनवर "ओला कशी आहे?" विचारील, तेव्हा टॅक्सी आणि टॉवेल दोन्ही आठवतील.

आता सध्या चलती असलेली नावं. झोफिया, झुझान्ना, हान्ना, यूलिया, माया ही गेली काही वर्षं सरकारी यादीत वरच्या जागा धरून आहेत. यातल्या झोफिया आणि झुझान्ना या दोघींत निवड असेल तर मी झोफिया घेईन. अर्थ दोन्हींचे चांगले, झुझान्ना म्हणजे हिब्रूतली लिली. पण झुझान्नाचं लाडाचं रूप झूझा, आणि मराठी तोंडाला ते दोनदा अडखळायला लावतं. झोफियाची झोशा मात्र सहज जमते. शिवाय तिचा नामदिवस १५ मे. पोलिश पंचांगात प्रत्येक दिवसाला नावं नेमलेली असतात आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाला फुलं, शुभेच्छा मिळतात. जुन्या माणसांना हा दिवस वाढदिवसाइतकाच, कधी जास्तच महत्त्वाचा. १५ मे म्हणजे 'थंड झोश्का', वसंतातल्या शेवटच्या कडाक्याचा दिवस. तो उलटेपर्यंत बागकाम करणारे टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. नाव असं घराबाहेर, मातीत रुजलेलं असलं की मुलीला सांगायला गोष्ट मिळते. एक तोटा आहे: वर्गात आणखी दोन झोशा असण्याची तयारी ठेवा.

हान्नाचा अर्थ कृपा, नाव छोटं, लिहायला सोपं. पण मराठी घरात कोणीतरी 'हाण ना!' म्हणणारच, आणि लाडाचं हान्या ऐकून हणमंताचा हण्या डोळ्यांपुढे येतो. हसून सोडून देणार असाल तर हरकत नाही.

दोन्हीकडे चालणारं नाव हवं, असं बरेच जण म्हणतात. मग माया, मीरा आणि काया ही तीन समोर येतात, तिन्ही खरोखर पोलिश. माया मूळ ग्रीक पुराणातली, हर्मीसची आई. पोलंडमध्ये मारियाचं छोटं रूप म्हणूनही रुळली. मीरा हे मीरोस्लावासारख्या स्लाव्ह नावातून येतं, त्यातला 'मीर' म्हणजे शांतता. ऐकायला दोन्ही बिनतोड, पण फरक दोन ठिकाणी पडतो. मीराचं मीर्का हे रूप आता पन्नाशी-साठीच्या मावशीचं वाटतं. माया आजच्या बालवाडीतलं नाव आहे. उलट मायामध्ये स्पेलिंगची कटकट आहे. पोलिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' होतो, त्यामुळे पोलिश पद्धतीनं लिहिलेलं माया मुंबई विमानतळावर 'माजा' म्हणून वाचलं जाणार. यूलिया आणि योआन्नाचीही तीच गत. 'वाय' घालून लिहिलेलं रूप नोंदवता येतं, ते घ्या. कायाबद्दल मी फार काही म्हणत नाही. पुढे तिला बहीण झाली आणि तिचं नाव माया ठेवलंत तर कीर्तनकार खूश होतील.

जुन्या वजनदार नावांचं आकर्षण असेल तर याद्विगा आणि वांदा पाहाच. याद्विगा जर्मानिक नाव, दोन्ही भागांचा अर्थ लढाई. १३८४ मध्ये क्राकुफला जिचा राज्याभिषेक 'राणी' म्हणून नव्हे तर 'राजा' म्हणून झाला, ती ही याद्विगा. तिनं मागे ठेवलेल्या दागिन्यांतून क्राकुफचं विद्यापीठ पुन्हा उभं राहिलं, आणि १९९७ मध्ये तिला संतपद मिळालं. नाव भारदस्त आहे, पण आज ते पणजीचं समजतात. वांदा ही क्राकुफच्या दंतकथेतली राजकन्या. जर्मन राजपुत्राशी लग्न टाळण्यासाठी तिनं व्हिस्तुला नदीत उडी घेतली म्हणतात. १९७८ मध्ये एव्हरेस्ट सर करणारी पहिली युरोपीय स्त्री वांदा रुत्कियेविच, तीही याच नावाची. इतकं सगळं असूनही मराठी कुटुंबासाठी मी हे नाव सुचवणार नाही. 'वांधा' हा शब्द आपल्याकडे फारच कामाचा आहे.

कोल्हापूरकरांना या पिढीची नावं तशी अनोळखी नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. दानूता, हालिना, क्रिस्तिना, इरेना, यानिना, हेलेना ही त्या काळातली घरोघरची नावं. कोल्हापूरशी नातं म्हणून कोणी ठेवू पाहत असेल तर हेलेना सुचवेन, कारण आज लहान मुलींची नावं म्हणून त्यातलं तेच पुन्हा जोरात ऐकू येतं.

फळाफुलांची नावं तेवढी झटकन: कालिना म्हणजे लाल फळांचं झुडूप, पण मुंबईकर 'सांताक्रूझच्या बाजूची ना?' विचारतील. मालिना म्हणजे रासबेरी, आणि आपल्याला 'मलिन' ऐकू येतं. यागोदा म्हणजे बेरी, तिच्यात काही खोट नाही.

माझं स्वतःचं मत योआन्नाला. अर्थ 'देव कृपाळू आहे'. पण मत अर्थासाठी नाही: योआन्नाचं रोजचं नाव पोलिशमध्ये उच्चारानं थेट आशा होतं, आणि हाक मारताना आशू. दोन्ही आज्यांना काही शिकवावं लागत नाही. नाव सत्तर-ऐंशीच्या दशकात फार चाललं, त्यामुळे मैत्रिणींच्या आयांचं नाव तेच निघेल, एवढं मान्य करून घ्यायचं.

नोंदणी कार्यालयाचे नियम आधी वाचून जा. जास्तीत जास्त दोन नावं लिहिता येतात आणि लाडाचं रूप चालत नाही, म्हणजे झोफिया हो, झोशा नाही. परदेशी नावाला मनाई नाही, त्यामुळे दुसऱ्या जागी मुक्ता किंवा इरा बसू शकते. ती जागा आपल्यासारखी वडिलांच्या नावाची नसते. रुग्णालयानं जन्माचा कागद केल्यापासून नोंदणीला २१ दिवस मिळतात, म्हणजे बाराव्या दिवशी बारसं करूनही हातात वेळ उरतो. त्यातही आईवडिलांनी नाव दिलं नाही, तर अधिकारी स्वतःच देशात रुळलेलं एखादं नाव लिहून टाकतो.