शॉटस्पॉटर : पहिल्या मिनिटाची सेवा, खटल्यासाठी अपुरी

गोळीबाराचा आवाज टिपून पोलिसांना कळवणारी ही अमेरिकी सेवा. कंपनी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टची, २०२३ पासून तिचं नाव साउंडथिंकिंग. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे २१ हजार खून झाले. त्या सुमारास खुनाच्या जवळपास निम्म्या गुन्ह्यांचा तिथे छडाच लागत नव्हता. १९६०च्या दशकात दहातल्या नऊंचा लागायचा. शहरं ही सेवा घेतात ती याच दुखण्यावर. त्यामुळे आरोपीला शिक्षेपर्यंत नेण्यात ती किती कामी येते, हेच इथे पाहिलं आहे.

गच्च्यांवर आणि दिव्यांच्या खांबांवर दर चौरस मैलाला साधारण वीस-पंचवीस मायक्रोफोन बसवतात. आवाज किमान तीन ठिकाणी पोचला की वेळांच्या फरकावरून जागा काढली जाते. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभरांश सेकंदाची चूक साडेतीन मीटरला पडते. संगणक आधी वर्गवारी करतो, मग कंपनीचा माणूस ध्वनिफीत ऐकून ‘गोळी’ की ‘फटाका’ ते ठरवतो. मिनिटभरात पोलिसांच्या पडद्यावर ठिपका येतो. कंपनी २५ मीटरच्या आतली जागा देण्याची हमी देते. घरात झाडलेली किंवा सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाची गोळी मात्र सहसा निसटते.

सेवेची खरी किंमत पुंगळ्यांत आहे. लोक बऱ्याच गोळीबारांची खबरच देत नाहीत; ठिपक्यामुळे पोलीस तिथवर पोचतात, जखमीला लवकर हलवता येतं आणि पुंगळ्या तुडवल्या जाण्याआधी हाती लागतात. पुंगळीच्या बुडावर फायरिंग पिनची खूण उमटते. तिचं छायाचित्र ‘निबिन’ या राष्ट्रीय जाळ्यात टाकलं की दोन वेगळ्या गोळीबारांत एकच हत्यार असल्याचा सुगावा लागू शकतो. हा नुसता सुगावा असतो. कोर्टात न्यायचा तर तज्ज्ञाने दोन्ही पुंगळ्या तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खात्री करावीच लागते. आणि रिव्हॉल्व्हर वापरलं असेल तर पुंगळी आतच राहते, जागेवर शोधायला पुंगळीच उरत नाही.

आता उणी बाजू. शिकागो शहराच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी २०२१ मध्ये सतरा महिन्यांच्या ५०,१७६ सूचना तपासल्या. बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा सापडल्याची नोंद ४,५५६ ठिकाणी, म्हणजे शंभरात नऊ. न्यू यॉर्कच्या लेखापरीक्षणात २०२४ साली, तपासलेल्या महिन्यांत, हा आकडा १३ टक्के निघाला. पुरावा न मिळणं म्हणजे गोळी झाडलीच नाही असं नव्हे, हे कंपनीच्या बाजूने सांगायला हवं. पण उरलेल्या प्रत्येक फेरीत पोलिसांचा वेळ जातो आणि कधीकधी त्या वस्तीतल्या निरपराध माणसांना अडवलं जातं, तेही खरं.

कोर्टात ती आणखी लंगडी पडते. संगणकाचं उत्तर माणूस बदलू शकतो, आणि बचाव पक्ष नेमका तिथेच उलटतपासणी लावतो. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये एका खटल्यात शास्त्रीय विश्वासार्हतेची सुनावणी न घेता हा पुरावा स्वीकारणं चूक ठरवलं. शिकागोत त्याच वर्षी एका खून-आरोपीला जवळपास वर्षभर तुरुंगात ठेवल्यावर सरकार पक्षाने पुरावा अपुरा म्हणून खटला मागे घेतला. सरकारी वकिलाने मूळ ध्वनिफीत, प्रत्येक बदलाची वेळ आणि कंपनीचा सविस्तर अहवाल पहिल्याच आठवड्यात मागवून ठेवावा. आणि हा पुरावा फक्त वेळ आणि जागेपुरता वापरावा, कारण गोळी कुणी झाडली हे मायक्रोफोनला कळत नाही.

बॉस्टनमधल्या २०१० ते २०१४ च्या गोळीबारांचा अभ्यास या संदर्भात फार मोलाचा आहे. माणूस दगावला तर ४३ टक्के गुन्हे उघड झाले, वाचला तर १९ टक्के. दोन्हीकडच्या घटना सारख्याच होत्या. पहिल्या दोन दिवसांत फरक थोडा होता. तो वाढला पुढे, कारण खुनाच्या तपासात अधिकारी साक्षीदारांकडे पुन्हा पुन्हा गेले, प्रयोगशाळेकडे पाठपुरावा केला. म्हणजे छडा लागतो तो पहिल्या मिनिटापेक्षा नंतरच्या चिकाटीने.

शॉटस्पॉटरचा दर चौरस मैलाला वर्षाला साधारण ६५ ते ९० हजार डॉलर पडतो. शिकागोने सप्टेंबर २०२४ मध्ये सेवा बंद केली. घ्यायचीच असेल तर करार एक वर्षाचा करावा, आणि किती सूचनांमागे पुंगळ्या मिळाल्या, त्या किती तासांत निबिनमध्ये गेल्या, किती प्रकरणांत दोषारोप ठेवले गेले, हे तीन आकडे दर तिमाहीला जाहीर करण्याचं कलम त्यात घालावं.